ईशान्येतल्या जमातींना देशाच्या मुख्य प्रवाहात आणण्यात आणि शांतता राखण्यात स्त्रियांचा वाटा किती?

मी नागा समाजापुरतंच बोलते. नोकरीमुळे काही वर्षं नागालँडमधल्या दिमापूरला होते. तुमच्या प्रश्नात 'मुख्य प्रवाहात आणणे' असे शब्द आहेत. तेच मी एकदा घरमालकीण आंटींसमोर बोलले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमची नदी आटलीय असं कुणी सांगितलं तुला?" १९६३ साली नागालँड राज्य झालं तेव्हा राज्यघटनेच्या कलम ३७१-अ नुसार नागांच्या रूढी आणि जमिनी त्यांच्याच हाती राहिल्या. जोडायचं ते हे मान्य करून.

आता स्त्रियांचं. मणिपूरच्या तांगखुल नागांमध्ये परगावी दिलेल्या लेकीला 'पुखरेला' म्हणत. दोन गावं भाले घेऊन समोरासमोर आली की ती मधे जाऊन उभी राही. एकीकडे माहेर, दुसरीकडे सासर. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

नागा मदर्स असोसिएशन मला याच परंपरेतली वाटते. १९८४ साली कोहिमात ती सुरू झाली, दारू आणि नशेविरुद्ध. पुढे नागांचे सशस्त्र भूमिगत गट एकमेकांचीच पोरं मारू लागले, तेव्हा १९९४ मध्ये या आयांनी 'आता रक्त सांडू नका' अशी हाक दिली. मुलगा कुणाच्या गोळीने गेला हे न विचारता त्या अंत्यविधीला जात. जंगलातल्या छावण्यांपर्यंत चालत जाऊन गटांच्या नेत्यांशी बोलत. १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि भूमिगत गट यांच्यात झालेल्या युद्धबंदीमागे या वर्षांची मेहनतही आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि तरीही २०१५ मध्ये केंद्राशी झालेल्या शांतता करारावर सह्या झाल्या त्या पुरुषांच्याच. नगरपालिकांत स्त्रियांसाठी ३३ टक्के जागा मागितल्या, तर ३७१-अ पुढे करून विरोध झाला. आपल्याकडे हे आरक्षण नव्वदच्या दशकातच आलं. तिथे २०१७ मध्ये त्यावरून कोहिमात सरकारी इमारती जळल्या, दिमापुरात माणसं मेली. याचा मला आजही राग येतो. विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया निवडून गेल्या त्या २०२३ मध्ये, राज्य झाल्यावर साठ वर्षांनी.

जून २०२४ मध्ये अखेर त्या आरक्षणासह नगरपालिकांची निवडणूक झाली. त्या दिवशी आंटींनी मला शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला.