‘घाबरू नका, तो काही करत नाही!’

सुलभाताई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. वय एकसष्ट. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन चार वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा टोरांटोला. कोथरूडच्या एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर त्या आणि ब्रूनो, एवढेच दोघं. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे लिहायला त्यांची परवानगी आहे.)

झोपेची चौकशी करताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘उठता किती वाजता?’

‘साडेतीनला. चारला ब्रूनोला खाली न्यावं लागतं. रात्री परत साडेअकराला.’

‘इतक्या अवेळी का?’

त्या थोडा वेळ पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्या वेळेला खाली कुणी भेटत नाही, मॅडम.’

ब्रूनो म्हणजे चौतीस किलोचा, पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर. मुलाने हौसेने आणला आणि परदेशी जाताना आईकडे ठेवला. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडलं तर समोर क्लासहून आलेला आठ वर्षांचा मुलगा. ब्रूनोने आनंदाने त्याच्याकडे झेप घेतली. मुलगा किंचाळून मागे पळाला, अडखळून पडला, कोपर सोलवटलं. ब्रूनोचा दातही लागला नव्हता, नखही लागलं नव्हतं. सुलभाताई म्हणाल्या, ‘अरे घाबरू नकोस, तो काही करत नाही!’ तेवढ्यात मुलाची आई बाहेर आली. तिने पहिला प्रश्न विचारला, ‘लस दिली आहे का याला?’

‘माझ्या मुलासारखं मी त्याला सांभाळते आणि ही बाई मला असं विचारते!’ दोन महिन्यांनंतरही हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. पुढे सोसायटीच्या ग्रुपवर संदेश सुरू झाले. कुणी लिहिलं कुत्र्यांना लिफ्टबंदी करा, कुणी बागेतल्या घाणीचे फोटो टाकले. तेव्हापासून सुलभाताई माणसं टाळू लागल्या.

‘आमचा इतका गरीब प्राणी, तरी लोक आमचा राग का करतात?’ हा प्रश्न कुत्रा पाळणाऱ्या बऱ्याच जणांकडून मी ऐकला आहे. याची दुसरी बाजूही माझ्या खोलीत येऊन बसते. कुत्र्याच्या भीतीने सकाळचं फिरणं सोडलेले आजोबा येतात, शेजारच्या दारातून भुंकण्याचा आवाज आला की घामाघूम होणारी कॉलेजातली मुलगी येते. दोन्हीकडची माणसं बहुधा चांगली असतात आणि दोघांनाही वाटत असतं की समोरचा निर्दय आहे.

दुसऱ्या भेटीला सुलभाताई कागद घेऊन आल्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना मुलाने पाठवल्या होत्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, भुंकतो म्हणून घालवून द्या असंही म्हणता येत नाही. हे सगळं खरं होतं आणि मी तसं सांगितलं. लिफ्टबंदीची मागणी चुकीचीच होती. पण त्याच सूचनांमध्ये सार्वजनिक जागी कुत्रा पट्ट्याला बांधलेला असावा, त्याची घाण मालकाने उचलावी, लसीकरण वेळेवर करावं, हेही मालकांना सुचवलेलं आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी म्हटलं, ‘कागद तुमच्याकडे आहे, तसा समोरच्याकडेही आहे. तुम्हाला कागद जिंकायचाय की सकाळी सहाला उजेडात खाली जायचंय?’

‘उजेडात जायचंय,’ त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना त्यांच्याच हातातलं काम दिलं. आयुष्यभर मापं घेतलेली बाई. म्हटलं, मोजपट्टी काढा आणि ब्रूनोची मापं घ्या, पट्ट्याचं घ्या, लिफ्टसमोरच्या जागेचं घ्या. आठवडाभर रोजच्या फेरीची चार ओळींत नोंदही ठेवा.

वहीत मापं व्यवस्थित लिहून आणली होती. खांद्यापाशी ब्रूनोची उंची तेवीस इंच. दाराच्या चौकटीला पुढचे पाय टेकून उभा राहिला की नाक साडेचार फुटांवर. पट्टा मुठीतल्या डबीतून दोरी सुटत जाणारा, पूर्ण सुटला की सोळा फूट. लिफ्टसमोरची जागा साडेसात फूट.

‘आणि त्या मुलाची उंची?’ मी विचारलं.

‘तिसरीतल्या मुलाचे किती गणवेश शिवून घेतलेत मी! सव्वाचार फूट,’ त्या पटकन बोलून गेल्या. मग वहीकडे बघत राहिल्या. ‘म्हणजे तो त्याच्या डोक्यावरून वर आला असणार.’

मी गप्प राहिले. त्याच पुढे म्हणाल्या, ‘साडेसात फुटांची जागा आणि सोळा फुटांची दोरी. पोराला पळायला जागा कुठे होती?’

समजावून सांगण्यापेक्षा मोजायला लावलेलं कधीकधी जास्त पोचतं. ब्रूनो चांगला की वाईट, यावरून त्या दोन महिने मनात भांडत होत्या. मोजपट्टीने तो प्रश्न बाजूला केला. प्रेमळ कुत्र्याची झेपसुद्धा चौतीस किलोचीच असते.

वहीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. पहाटेच्या आणि रात्रीच्या फेरीशिवाय संध्याकाळची एक छोटी फेरी त्यांनी सोडली नव्हती, आणि तिच्या प्रत्येक नोंदीत ‘मोबाईल’ हा शब्द होता. आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा टोरांटोत सकाळचे साडेआठ झालेले असतात. मुलगा ऑफिसला निघताना व्हिडिओ कॉल करायचा आणि ती वेळ ब्रूनोच्या फेरीची. एका हातात मुलगा, एका हातात कुत्रा. लिफ्टमधल्या त्या संध्याकाळीही फोन चालूच होता. घटना सांगताना त्यांनी हे वगळलं होतं. मुद्दाम वगळलं असं मला वाटत नाही. ते त्यांना दिसलंच नव्हतं.

‘तो आधी ब्रूनोला बघतो, मग मला,’ त्या म्हणाल्या. ‘ब्रूनो खाली उड्या मारताना दिसला की जास्त वेळ बोलतो.’

हे ऐकल्यावर पट्टा सैल का सुटत होता ते मला कळलं. पुढचं एक अख्खं सत्र आम्ही कुत्र्याबद्दल बोललोच नाही, मुलाबद्दल बोललो. त्या रात्री त्यांनी मुलाला सांगितलं, ‘सातला मी घरीच असेन. ब्रूनो माझ्या शेजारी सोफ्यावर असेल. फिरायला आम्ही नंतर जाऊ.’ मुलगा म्हणाला, ‘चालेल की, आई.’ एवढंसं वाक्य मागायला त्यांना इतके दिवस धीर झाला नव्हता.

आता ‘तो काही करत नाही’ या वाक्याबद्दल. ते बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. पण घाबरलेल्या माणसाला त्यातून ऐकू येतं की तुझी भीती खोटी आहे. भीती वाटते तेव्हा छाती धडधडते, पाय पळू बघतात, शब्द आत शिरत नाहीत. त्याला त्या क्षणी हवं असतं ते अंतर. म्हणून आधी पट्टा आखडायचा, कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्यायचं, दोन पावलं मागे व्हायचं आणि मग बोलायचं: ‘मी धरलंय त्याला, तुम्ही जा पुढे.’ समोरचा का घाबरतो हे विचारायचं कारणच नाही. कुणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो. कुणी पूजेला निघालेलं असतं, कुणी नमाजला, त्यांना कुत्र्याचा स्पर्श नको असतो. कुणाला नुसतं आवडत नाही. रस्ता त्यांचाही आहे. आणि लहान मुलाला ओढून ‘हात लाव, काही होत नाही’ म्हणणाऱ्या मोठ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. भीती जबरदस्तीने जात नाही, ती घट्ट होते. शिवाय शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहेच, असंही नाही. अंग ताठ करून, जिभेने ओठ चाटत, डोळ्यांच्या कडेने बघणारा कुत्रा स्वतःच ताणात असतो.

लसीच्या प्रश्नावर आम्हाला जास्त वेळ लागला. तो अपमान त्यांच्या मनात खोल रुतला होता. मी त्यांना त्या आईच्या जागी बसवलं, खरोखरच दुसऱ्या खुर्चीवर. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हणावं इतका तो जीवघेणा रोग. चावाच लागतो असं नाही, नखाचा रक्त न आलेला ओरखडाही डॉक्टर गांभीर्याने घेतात. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे माहीत असलेली आई, मुलाच्या कोपराला रक्त बघून दुसरं काय विचारणार? त्या खुर्चीवर बसून सुलभाताई हळूच म्हणाल्या, ‘मीसुद्धा हेच विचारलं असतं.’ ब्रूनोला दरवर्षी लस दिलेली होती. मग मी सुचवलं, लसीच्या कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कुणी विचारलं की राग न धरता दाखवा.

माफीची आम्ही तालीम केली. पहिल्या तीन प्रयत्नांत ‘पण’ आला. ‘माझं चुकलं, पण तो अचानक समोर आला.’ ‘सॉरी हं, पण ब्रूनो तसा नाही.’ चौथ्या वेळी वाक्य सरळ आलं: ‘माझं लक्ष फोनमध्ये होतं, पट्टा सैल होता. तुमचा मुलगा माझ्यामुळे पडला.’ ब्रूनोला घरी ठेवून त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन हे बोलून आल्या, कार्डही दाखवलं. आईने बसायला सांगितलं, चहा विचारला. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याला बोलावू नका, असं सुलभाताईंनीच सांगितलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

बागेतल्या घाणीचं मात्र मला त्यांना थेट विचारावं लागलं. खाली मान घालून म्हणाल्या, ‘पहाटे अंधारात दिसत नाही.’ म्हणजे ग्रुपवरच्या फोटोंमधली काही तक्रार रास्त होती. लोकांना टाळण्यासाठी निवडलेली वेळच लोकांच्या रागाला खतपाणी घालत होती. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलकृमींची अंडी मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. ही अंडी ताजी असताना बाधत नाहीत, मातीत काही आठवडे राहिल्यावर बाधतात. त्यामुळे तिथल्या तिथे उचलणं हा खरा उपाय आहे, आणि कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषधही. आता त्यांच्या कापडी पिशवीत रद्दीचे कागद, पिशव्या, छोटा टॉर्च आणि पाण्याची बाटली असते. बाटली लघवीवर ओतायला. दुचाकींच्या चाकांवरून लोक किती मनस्ताप करून घेतात ते मी ऐकलंय, आणि गेटपाशी वॉचमनची बायको रोज रांगोळी काढते. आता लिफ्टमधून उतरल्यावर ब्रूनोला आखूड धरून आधी थेट बाहेरच्या कडुनिंबाखाली नेतात. तिथे मोकळं झाल्यावर मग हवं तितकं हुंगणं.

डबीचा पट्टा गेला, सहा फुटी साधा पट्टा आला. पट्टा छातीवर अडकवायचा हार्नेस घेतला, त्याने ओढण्याचा जोर कमी होतो. एका श्वानप्रशिक्षकाने सहा आठवडे घरी येऊन शिकवलं, ब्रूनोला आणि त्यांनाही. त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. लपूनछपून दहा-दहा मिनिटांत उरकलेल्या फेऱ्यांमुळे ब्रूनोच्या अंगातली रग जिरतच नव्हती, म्हणून माणूस दिसला की तो उसळायचा. लोकांना टाळून त्यांनी कुत्र्याला अधिक अनावर केलं होतं. सकाळी पाऊण तास मनसोक्त चालणं सुरू झालं तसा तो निवला. लिफ्टमध्ये आता तो कोपऱ्यात बसतो आणि सुलभाताई त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभ्या राहतात. आत कुणी असेल तर ‘येऊ का?’ विचारतात. समोरच्याने मान हलवली तरच चढतात.

ग्रुपवरचे सगळे काही बदलले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अजूनही ब्रूनो दिसला की पाय आपटतात, काठी उगारतात. त्यांच्याशी कसं बोलायचं यावर आमचं काम चालू आहे. कुत्र्याला मुद्दाम बिथरवणं हाही असभ्यपणाच आहे, आणि ते त्यांना सांगायचा हक्क सुलभाताईंना आहे. झोप मात्र सुधारली. साडेपाचला उठतात.

मागच्या भेटीत मी त्या मुलाबद्दल विचारलं. त्याची भीती अजून आहे. ब्रूनोला त्याने हात लावलेला नाही, आणि लावावा असा आग्रह कुणीच धरत नाही. पण आता लिफ्टचं दार उघडलं आणि आत ब्रूनो दिसला की तो पळत नाही. भिंतीला टेकून उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, ‘आजी, तुम्ही जा, मी पुढच्या वेळी येतो.’ खाली दोघं एकदम पोचले तर म्हणतो, ‘आजी, मी आधी जातो.’ सुलभाताई पट्टा आखडून, ब्रूनोला बसवून थांबतात. लिफ्ट वर जाऊन परत येईपर्यंत.