भिंती आधी सजवा, मग उभ्या करा: जिंजरब्रेडच्या घराविषयी वाचकांचे प्रश्न

नाताळ जवळ आला की या सदराकडे केकचे प्रश्न येतात. या वेळची बरीच पत्रं मात्र जिंजरब्रेड हाऊसबद्दल, म्हणजे सुंठ-गुळाच्या बिस्किटाच्या घराबद्दल आहेत. पहिल्यांदाच करणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

ताई, मुलीच्या शाळेसाठी घर केलं. जोडून झालं, पण खिडक्यांची नक्षी काढायला गेले तर आयसिंग खाली ओघळलं आणि हाताचा धक्का लागून एक भिंत निखळली. सजावट कुठून सुरू करायची?
— वाचक, मोर्शी (जि. अमरावती)

घर जोडायच्या आधी. चारही भिंती ताटात आडव्या ठेवा आणि दारं, खिडक्या, तोरण, विटांच्या रेघा, जे काढायचं ते तेव्हाच काढून घ्या. आडव्या पृष्ठभागावर आयसिंग जिथं टाकाल तिथंच राहतं आणि चुकलं तर ओलं असतानाच सुरीच्या टोकानं उचलता येतं. सजवलेल्या भिंती रात्रभर सुकवा आणि दुसऱ्या दिवशी उभ्या करा. छताची सजावट, वळचणीला लोंबणारा बर्फ आणि कोपऱ्यातले सांधे झाकणारी नक्षी एवढंच जोडल्यानंतर करायचं.

नक्षी काढताना भिंतीच्या दोन्ही उभ्या कडांना अर्धा इंच जागा कोरी सोडा. तिथं सांध्याचं आयसिंग येणार असतं. कडेपर्यंत गोळ्या चिकटवल्या तर भिंती एकमेकींना टेकतच नाहीत.

आयसिंगचा दाटपणा कामाप्रमाणे बदलतो. सांध्यासाठी सगळ्यात दाट हवं: चमचा वर उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं पाहिजे. रेघा आणि नक्षीसाठी ते टोक किंचित वाकावं. एखादी खिडकी पूर्ण भरून काढायची असेल तर पाणी थेंबाथेंबानं घालत जा. सुरीनं ओढलेली रेघ १० ते १५ सेकंदांत मिटली की थांबा. हे पातळ आयसिंग उभ्या भिंतीवर कधीच वापरू नका. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं.

आमच्या घरी अंडं चालत नाही. अंड्याशिवाय आयसिंग घट्ट होतं का? आणि मिक्सरवर दळलेली साखर चालेल का? इथं आयसिंग शुगर भेटत नाही.
— वाचक, तुमसर (जि. भंडारा)

होतं, आणि त्यासाठी लागणारी वस्तू घरातच आहे: काबुली चणे शिजवलेलं पाणी. रात्रभर भिजवलेले चणे मीठ आणि सोडा न घालता कुकरमध्ये शिजवा. चणे गाळून उरलेलं पाणी मंद आंचेवर आटवा. गार झाल्यावर ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं चिकट झालं पाहिजे. पाण्यासारखं वाहत असेल तर अजून आटवा. पहिल्यांदा करणाऱ्यांचं आयसिंग बहुतेक इथंच फसतं.

असं ५ मोठे चमचे पाणी आधी फेस येईपर्यंत फेटा. मग ५०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर चमच्या-चमच्यानं घालत जा. अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घाला, म्हणजे फेस टिकतो. फार घट्ट वाटलं तर चण्याचं पाणी आणखी चमचाभर घाला. चण्याचा वास साखर आणि लिंबात जवळजवळ दबून जातो. अंडं चालणाऱ्यांनी तेवढ्याच साखरेला दोन अंड्यांचा पांढरा बलक घ्यावा. मात्र मुलं घर खाणार असतील तर कच्च्या बलकाऐवजी मेरिंग पावडर (पांढऱ्या बलकाची सुकी पूड) किंवा चण्याचं पाणीच बरं.

भांडं आणि फेटणी कोरडी, बिनतेलकट हवीत. तुपाचा हात लागला तरी फेस बसतो. याच कारणासाठी दुधाच्या पिशवीचा कोन करू नका, कितीही धुतली तरी आत चिकटपणा राहतो. जाड, कोऱ्या प्लॅस्टिकचा किंवा बटर पेपरचा कोन वळा. मेंदीचा कोन वळता येणाऱ्या हाताला हे शिकवायची गरज नाही, फक्त टोक मेंदीपेक्षा मोठं कापा: नक्षीला २ मिलिमीटर, सांध्याला ४ ते ५.

घरी दळलेली साखर चालते, पण खडे राहिले की कोनाचं टोक तुंबतं. १०० ग्रॅम साखरेला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळा. मिक्सर गार झाला की पुन्हा दळा आणि मलमलच्या कापडातून चाळा. सांध्यासाठी ही साखर ठीक आहे. बारीक नक्षीसाठी मात्र जिल्ह्याच्या गावाहून आयसिंग शुगरचं पाकीट आणलेलं बरं. वापरात नसलेल्या आयसिंगवर ओलं फडकं घट्ट झाकून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत साय धरते.

घरी ओव्हन नाही. कढईत बिस्किटं भाजून घर होईल का? प्रमाण सांगा.
— वाचक, आर्वी (जि. वर्धा)

होईल, पण घर कढईच्या मापाचं करा. २० सेंटिमीटरच्या ताटलीत एका वेळी एक तुकडा मावेल असं माप देते. पुढची-मागची भिंत १२ सेंटिमीटर रुंद, बाजूला ९ आणि मधल्या टोकाला १५ उंच. बाजूच्या दोन भिंती १४ बाय ९. छताचे दोन तुकडे १७ बाय १०. आधी पुठ्ठ्यावर कापून चिकटपट्टीनं जोडून पाहा. छत बसत नसेल तर ते पुठ्ठ्यातच कळलेलं चांगलं.

मैदा ४०० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, बटर ९० ग्रॅम (किंवा तूप ७५), पाणी ६० मिली, सुंठ पूड २ छोटे चमचे, दालचिनी पूड १, लवंग पूड पाव, खाण्याचा सोडा फक्त पाव. गूळ, बटर आणि पाणी मंद आंचेवर विरघळवून गाळून घ्या, कोमट होऊ द्या. पाक करायचा नाही, उकळून तार आली तर बिस्किट दगडासारखं होतं. मैद्यात मसाले आणि सोडा मिसळून या गुळाच्या पाण्यानं घट्ट मळा आणि तासभर झाकून ठेवा. सोडा जास्त घातला तर तुकडे फुगून आकार बदलतात आणि सांधे जुळत नाहीत. खायच्या बिस्किटात सोडा जास्त चालतो, घराच्या भिंतीत नाही.

बटर पेपरवरच ६ मिलिमीटर जाड लाटा, तिथंच कापा आणि कागदासकट ताटलीत ठेवा. कच्चा तुकडा उचलायला गेलात की ताणला जातो. कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं तापवून मग मंद आंचेवर प्रत्येक तुकडा २५ ते ३० मिनिटं भाजा. ओव्हन असेल तर १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं पुरतात. बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच, पट्टी लावून धारदार सुरीनं कडा सरळ करा. गार झाल्यावर कापाल तर तडकेल. गार झालेला तुकडा मधोमध वाकत असेल तर पुन्हा दहा मिनिटं भाजा. अशा मऊ भिंती छताचं वजन पेलत नाहीत.

छत दोनदा घसरलं. आयसिंग तर घट्टच होतं.
— वाचक, घाटंजी (जि. यवतमाळ)

मग भिंतींचे सांधे ओले असणार. आयसिंगमधलं पाणी उडून साखरेचे कण एकमेकांत धरतात तेव्हाच सांधा पक्का होतो. भिंती जोडल्यावर किमान ४ तास, जमल्यास रात्रभर थांबा. तोवर आतून-बाहेरून स्टीलचे डबे, पेले टेकवून ठेवा. आतल्या सांध्यांवरून आयसिंगचा एक जाड दोरा फिरवा, तो बाहेरून दिसत नाही आणि अर्धा भार तोच घेतो.

छताचा एक तुकडा बसवा, पाचेक मिनिटं हातानं धरा, खालच्या कडेला योग्य उंचीची वाटी किंवा डबी टेकवा, मग दुसरा बसवा. सजावट दुसऱ्या दिवशी. घाईसाठी काही जण साखर वितळवून त्या कॅरमेलनं जोडतात. ते क्षणात धरतं हे खरं, पण अंगावर पडलं तर खोल भाजतं. मुलं सोबत असतील तर तो मार्ग नको.

सजावटीचं परदेशी सामान आमच्या बाजारात कुठून येणार? किराणा दुकानातल्या वस्तूंनी काम भागेल का?
— वाचक, सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

भागेल, आणि घर जास्त चांगलं दिसेल. छतापासून सुरू करा. १९व्या शतकात ही घरं जर्मनीत रुजली, म्हणून त्यांच्या छतावर बर्फ असतो. आपल्या घरावर बर्फच हवा असा नियम कुठं आहे? कवेलू घाला. साधे कॉर्नफ्लेक्स घ्या, त्यांना आधीच बाक असतो आणि वजन नसतं. मोडके बाजूला काढा. छतावर खालच्या कडेला आयसिंगची एक रेघ ओढा, तिच्यावर कॉर्नफ्लेक्सची ओळ लावा. दुसरी ओळ पहिलीवर थोडी चढवून, अशा रीतीनं आढ्याकडे जा. वरून सुरू केलं तर प्रत्येक ओळीची आयसिंगची रेघ उघडी पडते. एका वेळी एकच रेघ ओढायची, नाहीतर शेवटपर्यंत पोचेस्तोवर ती सुकलेली असते. आढ्यावर आयसिंगचा जाड दोरा, त्यावर लवंगा नाहीतर बदामाचे काप.

भिंतींना रंगीत बडीशेपेच्या गोळ्या, जेम्स, तीळ, टुटीफ्रुटी. दारासमोरच्या पायवाटेला चारोळी दाबून बसवा. अंगणाला सुकं खोबरं, तुळशीवृंदावनाला एक बत्तासा. कुंपणासाठी उरलेल्या पिठाच्या बारीक काड्या वळून भाजा. सोया स्टिक वापरू नका, तेलाचे डाग आयसिंगवर पिवळे उमटतात. संत्रा बर्फी, ओलं खोबरं, ताजी फळं भिंतीजवळही आणू नका. त्यातला ओलावा बिस्किटात उतरतो. टुटीफ्रुटीसुद्धा कापडावर तासभर पसरून मगच लावा.

खिडकीला काच हवी असेल तर कच्च्या भिंतीतच खिडकी कापा आणि भाजून व्हायला ४ मिनिटं उरली की त्या जागेत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरा. तो वितळून पसरतो. पूर्ण गार होईपर्यंत कागदावरून हलवू नका. आत छोटा एलईडी दिवा ठेवा. पणती किंवा मेणबत्ती नको, उष्णतेनं छत मऊ पडतं.

एक सांगावंसं वाटतं: सगळ्या गोळ्या एकाच घरावर संपवायचा मोह टाळा. एखादी भिंत नुसत्या पांढऱ्या रेघांची राहू द्या, बिस्किटाचा तपकिरी रंग दिसला पाहिजे.

लाल रंग पांढऱ्यात पसरून सगळं गुलाबी झालं.
— वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)

पांढरं पूर्ण न सुकता लाल लावला असेल, किंवा पाण्याचा रंग वापरला असेल. पाण्याच्या रंगानं आयसिंग सैल होतं, जेल रंग घ्या. दोन रंगांमध्ये ६ ते ८ तास जाऊ द्या. बिटाच्या रसाचा रंग दोन दिवसांत मळकट होतो. हळद चिमूटभर चालते.

चौथ्या दिवशी घर सादळलं, भिंती वातड झाल्या. मुंग्याही लागल्या.
— वाचक, चिखलदरा (जि. अमरावती)

गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. डिसेंबरात विदर्भातल्या सपाट भागात हवा बरीच कोरडी असते, म्हणून तिथं घर सहसा टिकतं. डोंगरावर धुकं, दव असताना, किंवा कुठंही अवकाळी पाऊस आला की ते रात्रभर मोठ्या पिंपात किंवा उलट्या पातेल्याखाली झाका. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच त्यावर दव धरतं आणि रंग ओघळतात. उन्हातही नको.

मुंग्यांसाठी घराभोवती मुंग्या मारायच्या खडूच्या रेघा मारू नका, तो विषारी असतो आणि हे खायचं आहे. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि टेबल भिंतीपासून वेगळं करा. खायचं असेल तर आठवड्याच्या आत मोडा. उघड्यावर धूळ खाल्लेलं घर त्यानंतर शोभेचंच समजा.

शाळा १८ किलोमीटर लांब आहे आणि घर गाडीवर न्यायचं आहे. कसं न्यावं?
— वाचक, अचलपूर (जि. अमरावती)

घर पहिल्यापासूनच २५ बाय ३० सेंटिमीटरच्या प्लायवूडच्या तुकड्यावर, खाली आयसिंग लावून बांधा. तयार झाल्यावर दोन रात्री सुकू द्या. मापाच्या खोक्याची एक उभी बाजू कापून घर आत सरकवा, म्हणजे वरून उतरवावं लागत नाही. प्लायवूड खोक्याला चिकटपट्टीनं पक्कं करा आणि घराच्या चारी बाजूंना गुंडाळलेला टॉवेल भिंतींना न टेकता ठेवा. धुराडं, झाडं, कुंपण घरी लावू नका. ते वेगळ्या डब्यात न्या आणि शाळेत पोचल्यावर लावा. सोबत दाट आयसिंगचा छोटा कोन टोक न कापता घ्या, वाटेत सुटलेला सांधा त्यानंच भरता येईल. खोकं पुढच्या टाकीवर ठेवू नका, मागे बसणाऱ्याच्या मांडीवर द्या, आणि निघा सकाळी.