‘मी’ घडवायचा की सोडायचा?

जळगावात समुपदेशन करताना एकच पेच मी वर्षानुवर्षे वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकत आले आहे. “मॅडम, तुम्ही म्हणता स्वतःला कमी लेखू नका, स्वतःची किंमत ओळखा. सप्ताहात महाराज सांगतात, मीपणा टाका. आम्ही ऐकायचं कोणाचं?” विचारणारा कधी यावलकडचा केळी पिकवणारा तरुण असतो, कधी भुसावळचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका, तर कधी नोकरी सोडावी की धरावी या विवंचनेतली सून. प्रश्न विचारताना त्यांच्या आवाजात अपराधीपणा असतो, जणू स्वतःसाठी काही मागणे हे परमार्थातले पाप आहे. त्यांच्यापैकी एका ताईंची हकिगत, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

ताई रावेर तालुक्यातल्या, वय सेहेचाळीस. पहाटे तीनला छातीत धडधड होऊन जाग येई ती पुन्हा झोप लागत नसे. हृदयाच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या निर्दोष आल्यावर डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले होते. डी.एड. होऊन त्यांनी दोन वर्षे एका खाजगी शाळेत शिकवले होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर एकत्र कुटुंबाच्या रगाड्यात ती नोकरी सुटली. आता मुले पुण्याला होती आणि संध्याकाळ प्रवचनात जात होती. नुकतेच गावातल्या शाळेने त्यांना शिकवायला याल का, असे विचारले होते आणि त्यांनी नकार कळवला होता.

“मला आता काही व्हायचं नाही, मॅडम. हे सगळं मिथ्या आहे, हे पटलंय मला.”

“बरं. नकार कळवला त्या रात्री झोप कशी लागली?”

त्या पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या. धडधड त्याच आठवड्यात वाढली होती, हे त्यांनी पुढच्या भेटीत सांगितले.

पाचव्या भेटीला त्यांनी कापडी पिशवीतून एक वही आणली. ती त्यांची टाचणवही होती. खाकी कव्हर, कोपरे झिजलेले, आत सुवाच्य अक्षरात तासागणिक टाचणे आणि दर शनिवारच्या पानाखाली मुख्याध्यापकांची लाल शाईतली सही. अपूर्णांकांच्या टाचणात भाकरीचे चार चतकोर रेखाटलेले होते आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘मागच्या बाकावरच्यांना प्रत्यक्ष भाकरी मोडून दाखवणे.’

“ही इतकी वर्षं कुठे होती?”

“पेटीत. दर आखाजीच्या सुमारास पेटी उन्हात ठेवतो, तेव्हा हिलाही ऊन दाखवते.”

“ताई, ज्यातून मन खरंच निघालं, त्याला अठरा वर्षं ऊन दाखवावं लागतं का?”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचा अंगठा लाल सहीवरून पुनःपुन्हा फिरत होता. आतापर्यंत माझ्याशी शाळेतल्या शुद्ध मराठीत बोलणाऱ्या या बाई मग एकदम घरच्या बोलीत म्हणाल्या, “मले कोनी इचारलंच नही.” आणि रडल्या. मी मध्ये काहीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणे हीच माझ्या वीस वर्षांच्या कामाची खरी कमाई आहे, असे मी मानते.

त्या एका वाक्याने सारे स्पष्ट झाले. नोकरी त्यांनी सोडली नव्हती. ती त्यांच्या हातून सुटली होती, आणि सुटताना त्यांचे मत कोणी विचारले नव्हते. त्या दुखण्यावर त्यांनी वेदान्ताचे वाक्य पट्टीसारखे बांधले होते. वाक्य खरेच होते, पण खालची जखम कोणी धुतली नव्हती.

त्या संध्याकाळी विचार करताना मला जाणवले की घोटाळ्याचे मूळ आपल्या भाषेतल्या ‘आत्म’ या दोन अक्षरांत आहे. आत्मविश्वास, आत्मसन्मान, आत्मपरीक्षण आणि आत्मज्ञान हे शब्द आपण एका ओळीत बसवतो. परंतु पहिल्या तिन्हींतला ‘आत्म’ म्हणजे ‘स्वतः’, म्हणजे नाव, गाव, गुण, आठवणी आणि इच्छा असलेली व्यक्ती, तर चौथ्यातला आत्मा म्हणजे या साऱ्याचा साक्षी. आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारा अद्वैत वेदान्त मन, बुद्धी आणि अहंकार यांना अंतःकरणात मोडतो, म्हणजे पाहणाऱ्यात नव्हे तर पाहिल्या जाणाऱ्या गोष्टींत. ताईंनी साक्षीची अलिप्तता दुखावलेल्या मनाच्या तोंडी घातली होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची जी चढती मांडणी केली, तिच्या माथ्यावरची आत्मपूर्ती, म्हणजे आपल्यातल्या क्षमता पूर्णपणे फुलवणे, या पहिल्या, ‘स्वतः’ असलेल्या व्यक्तीची आहे. ही संज्ञा त्यांनी कुर्ट गोल्डस्टाइन या जर्मन मेंदूतज्ज्ञाकडून घेतली. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना, उरलेल्या क्षमतांनिशी पुन्हा अखंड होऊ पाहण्याची सजीवाची धडपड गोल्डस्टाइन यांनी पाहिली होती. माझी स्वतःची घडण याच मानवतावादी परंपरेतली असल्यामुळे स्पष्ट सांगते, की जे बी आत आहे ते उगवू पाहते आणि त्या ओढीला अहंकार म्हणणे हा अन्याय आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९७० साली निधन होण्यापूर्वी, मॅस्लो स्वतःच आत्मपूर्तीच्या पलीकडे, स्वतःला ओलांडण्याविषयी लिहू लागले होते. तरीही त्यांची ही पुढची पायरी म्हणजेच अद्वैतातला साक्षात्कार, असे मी म्हणणार नाही.

कारण साक्षात्कार ही पायरीच नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी कर्माने मिळणारे फळ चार प्रकारचे सांगितले आहे: मडक्यासारखे नव्याने घडणारे, एखाद्या गावासारखे चालत जाऊन गाठायचे, दुधाचे दही व्हावे तसे बदलून होणारे, आणि आरसा पुसावा तसे स्वच्छ केल्याने लाभणारे. मोक्ष या चारांपैकी एकही नाही. तो असतोच, फक्त कळायचा असतो. आत्मपूर्ती मात्र घडवावी लागते, तिला वर्षे लागतात आणि ती अर्धवटही राहू शकते. म्हणून वर्गात उत्तम शिकवल्याने कोणी ब्रह्मज्ञानी होत नाही आणि शिकवणे सोडल्यानेही होत नाही.

हे मी सोप्या शब्दांत सांगितल्यावर ताईंनी मला अडवले. शिवरात्रीच्या सुमारास तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या यात्रेला त्या दरवर्षी जातात. त्या म्हणाल्या, “चांगदेवांनी एवढ्या सिद्धी मिळवल्या, तरी मुक्ताईनं कोराच म्हटलं ना त्यांना? मग मिळवून काय उपयोग?”

प्रश्न बिनतोड होता. ज्ञानदेवांना पत्राचा मायना काय लिहावा, वयाने धाकटे म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार करावा, हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरा कागद धाडला, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. त्याला उत्तर म्हणून आलेल्या पासष्ट ओव्यांत पाहणारा आणि पाहिले जाणारे वेगळे उरत नाहीत. पाण्याचा ठाव घ्यायला निघालेले मीठ पाण्यातच विरते.

मी म्हणाले, “ते मिळवल्यामुळे कोरे राहिले नाहीत, ताई. मिळवणं म्हणजेच जाणणं, असं धरून चालल्यामुळे राहिले. पण आपल्याला उमगत नाही हे कळल्यावर त्यांनी कागद कोराच पाठवला. आपण त्यावर ‘वैराग्य’ असं लिहून पाठवतो.”

माझ्याकडे हा पेच घेऊन येणाऱ्यांना मी आता एवढेच तपासायला सांगते, की ‘मला काही नको’ असे म्हटल्यावर मन हलके होते की जड. दुसऱ्या कोणाला तीच गोष्ट मिळाली तर आत काही कुरतडते का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, हातपाय आवरून मनात विषय घोळवत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. वेदान्ताने अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्ञानाला पात्र ठरू पाहणाऱ्या साधकाकडे, आधी शम, म्हणजे शांत मन, मागितले आहे. दडपलेले मन शांत नसते. व्यवहाराच्या पातळीवर हक्क, मोबदला, विश्रांती आणि कौतुक हे सारे खरे आहे, आणि ते मागताना तत्त्वज्ञानाची माफी मागण्याचे कारण नाही. याच्या उलट, आत्मविश्वासाच्या शिबिरातून बाहेर पडताना मिळालेली उभारी म्हणजे आत्मानुभव, असेही कोणी समजू नये. आणि सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला विरक्ती म्हणू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

ताई जूनपासून शाळेत तिसरीला शिकवतात. पहाटेची धडधड पुष्कळ कमी झाली आहे, पूर्ण थांबलेली नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, “शिकवताना कधीकधी शिकवणारी मी कुठेच नसते. हे काय असतं?” याचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्या शास्त्राचा नाही, असे मी त्यांना सांगितले आणि प्रवचनकारांना विचारायला सुचवले. इतकी वर्षे मागच्या खांबाला टेकून ऐकणाऱ्या ताईंनी त्या गुरुवारी प्रवचन संपल्यावर उभे राहून तो प्रश्न विचारला, असे त्यांनी मला फोनवर कळवले.