गिओन मात्सुरी या रथांच्या उत्सवासाठी जपानमध्ये क्योतोला जायचंय. मिरवणुकीची तिकीटवाली खुर्ची घ्यावी का, आणि बाहेरच्या माणसाला नुसतं बघण्यापलीकडे काही करता येतं का?

मी ओसाकात राहतो. इथल्या उमेदा स्टेशनहून हांक्यु रेल्वेच्या जलद गाडीने पाऊण तासात कारासुमाला उतरलं की थेट रथांच्या गल्ल्यांत शिरता येतं, त्यामुळे जुलैत माझ्या चकरा होतच असतात. माझं मत विचाराल तर खुर्चीचे पैसे वाचवा आणि जमत असेल तर विमानाचं तिकीट पाच दिवस अलीकडचं काढा. १७ जुलैची मिरवणूक देखणी असते, वाद नाही. पण पाहुण्याला हात घालता येतो तो त्याआधीच्या दिवसांत.

साधारण १० तारखेपासून शिजो, मुरोमाची, शिनमाची या भागात भर रस्त्यात रथ बांधायला घेतात. मोठ्या रथांना होको म्हणतात. शेंड्यापर्यंत उंची २५ मीटरच्या घरात, वजन १२ टनांपर्यंत. सांगाडा सगळा लाकडी, आणि सांधे खिळ्यांनी नव्हे तर भाताच्या पेंढ्याच्या दोराने आवळलेले. दोर थोडा ताणतो, सैलावतो, म्हणून चालताना बसणारे हिसके सांगाडा पचवतो. खिळे असते तर लाकूड फाटलं असतं. गाठींवर गाठी अशा नेटक्या बसवतात की लांबून विणकाम वाटावं. दोर आवळणाऱ्यांशेजारी तासभर उभं राहिलात तरी कुणी हटकत नाही, फक्त मध्ये मध्ये करू नका.

मग १२ आणि १३ तारखेला दुपारी हिकीझोमे, म्हणजे बांधून झालेला रथ पहिल्यांदा ओढून बघायचा. इथे दोराला कुणीही हात लावू शकतं. शाळेची पोरं, बाह्या सरसावून आलेले ऑफिसवाले, आजीबाई, तुमच्यामाझ्यासारखे परदेशी, सगळे एका रांगेत. पुढे पंखे घेतलेली दोन माणसं रथावर उभी राहून ‘एन्याराया’ अशी लांबलचक आरोळी देतात. पहिल्या क्षणी काहीच हलत नाही, दोर नुसता तळव्यात टणक होतो. मग पुरुषभर उंचीची लाकडी चाकं कण्हतात आणि अख्खं धूड निघतं. वरच्या मजल्यावर बसलेले वादक तेवढ्यात झांजा-बासरी सुरू करतात. अंतर जेमतेम असतं, पण तिकीट काढून खुर्चीत बसणाऱ्याला हे मिळत नाही.

हे रथ सरकारचे किंवा पर्यटन खात्याचे नाहीत, त्या त्या गल्लीचे आहेत. आपल्या जुन्या गणेश मंडळांसारखाच प्रकार: प्रत्येकाचा मान वेगळा, नियम वेगळे, वर्गणी आणि रुसवेफुगवेही वेगळे. नागिनाताबोको नावाचा रथ कायम सगळ्यांत पुढे असतो, आणि त्यावर आजही बायकांना चढू देत नाहीत. बायकोबरोबर जाणार असाल तर हे आधीच माहीत असलेलं बरं. इतर अनेक रथांवर दोघांनाही जाता येतं; बऱ्याच ठिकाणी चिमाकी विकत घेतली की वर चढायची मुभा मिळते. चिमाकी म्हणजे बांबूच्या पानांची जुडी, रोगराई येऊ नये म्हणून वर्षभर दारावर टांगायची. त्याच नावाचा खायचा पदार्थही असतो, म्हणून काही पर्यटक ही सोडून बघतात. आत खायला काही नसतं.

१४ ते १६ च्या संध्याकाळी कंदील लागतात. १५ आणि १६ ला शिजोवर वाहनं बंद, आणि गर्दी अशी की चालायची दिशासुद्धा पोलीस ठरवतात. मी मुख्य रस्ता सोडून शिनमाचीच्या आसपास फिरतो. तिथली काही जुनी घरं आपले वडिलोपार्जित चित्रपडदे रस्त्यावरून दिसतील असे मांडतात. रथांवरची कापडंही जवळून बघा. कांकोबोकोचं पुढचं कापड १६ व्या शतकात बेल्जियममध्ये विणलेलं, त्यावर बायबलमधला प्रसंग! डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हिंदुस्थानी गालिचेही इथे पोचले, आणि त्यातले काही आपल्या दख्खनमध्ये विणलेले असावेत असं अभ्यासक मानतात. शिंतो देवाच्या रथावर दख्खनी गालिचा. मला या उत्सवातलं हे सगळ्यांत आवडतं. (नाजूक मूळ कापडं आता जपून ठेवतात आणि मिरवणुकीत त्यांच्या प्रती लावतात.)

आता मिरवणूक. इसवी सन ८६९ मध्ये साथीच्या काळात देशातल्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून देवाला साकडं घातलं, तिथून हे सुरू झालं. सकाळी ९ ला शिजो-कारासुमाहून २३ रथ निघतात ते रस्त्यावरची इडापिडा गोळा करायला. म्हणूनच परतल्यावर ते लगेच सुटे करायला घेतात. खरा देव संध्याकाळी निघतो, ज्याचा हा उत्सव त्या यासाका देवळातून तीन पालख्यांमधून, ‘होइत्तो, होइत्तो’ च्या गजरात. बहुतेक पर्यटक तोवर हॉटेलात पाय चेपत पडलेले असतात. तुम्ही तसं करू नका.

सकाळी बघायचंच तर वळण बघा. चाकांना वळायची सोय नाही, म्हणून चौकात चाकांखाली बांबूच्या चिपा पसरतात, पाणी ओततात आणि रथ आडवा खेचतात. शिजो-कावारामाचीच्या चौकात त्यासाठी झुंबड असते. शेवटी रथ अरुंद शिनमाचीत शिरतात, घरांच्या वळचणी घासत जातात, ते जास्त थरारक.

गर्दी सोसत नसेल तर २४ तारखेची दुसरी मिरवणूक गाठा. ११ रथ, आदल्या संध्याकाळी ठेल्यांचा गोंगाट नाही. १९६६ पासून ती पहिलीत मिसळली होती, २०१४ ला पुन्हा वेगळी केली. ताकायामा हा रथ १९६ वर्षांनी २०२२ मध्ये इथेच परतला.

क्योतो डोंगरांच्या खळग्यात आहे, जुलैत पारा ३५ च्या वर जातो आणि वारा नावाला नसतो. टोपी, पाणी आणि टॉवेल हवाच. शाकाहारी असाल तर ठेल्यांवर हाल आहेत; बिनमांसाच्या दिसणाऱ्या पदार्थांतही माशाचा अर्क असतो. काडीला खोचलेली गार काकडी बिनधास्त खा. गंमत म्हणजे उत्सवातली जुनी मंडळी जुलैभर काकडी वर्ज्य करतात, कारण कापलेली चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते. तुमच्यावर ते बंधन नाही.