मनाचा कौल : शेवटच्या आजारात सेवा करणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. सासूबाईंचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला आहे आणि आता घरीच सेवा करा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतात, त्यामुळे बहुतेक रात्री मी एकटीच असते. पुण्याचे दीर रोज फोनवर ‘आईला नीट खायला घाला’ आणि ‘मॉर्फिन कमीच द्या, सवय लागेल’ असे बजावतात. परवा पेजेचा चमचा पुढे केल्यावर सासूबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतले, तेव्हा मी वाटी आपटून त्यांच्यावर ओरडले. त्या रात्री ‘एकदाचे संपू दे हे’ असे मनात आले. माझी दोन्ही बाळंतपणे त्यांनी केली. त्यांच्याविषयी असा विचार करणारी मी कसली माणूस?

उत्तर : ताई, तुम्हाला कुठेही उच्चारता न आलेला हा विचार अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येतो. माणूस गेल्यावर समाचाराला येणारे ‘सुटल्या बिचाऱ्या’ म्हणतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. तीच गोष्ट सेवा करणाऱ्या सुनेच्या मनात आधी आली, तर मात्र ती स्वतःला पापी ठरवते. तुम्हाला सासूबाई नकोशा झालेल्या नाहीत, त्यांचे हाल पाहवेनासे झाले आहेत. शिवाय माणूस डोळ्यांसमोर असतानाच त्याच्या जाण्याचे दुःख सुरू होते आणि ते दर वेळी अश्रूंच्याच रूपाने येते असे नाही. अनेकदा ते चिडचिड, बधिरपणा किंवा अपराधीपणा होऊन बाहेर पडते.

पेजेच्या वाटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांतला कलह तिथेच पेटतो. आपल्याकडे खाऊ घालणे म्हणजेच माया, त्यामुळे मिटलेले तोंड म्हणजे आपल्या मायेला दिलेला नकार वाटतो. प्रत्यक्षात या टप्प्यावर भूक मरणे हा आजाराचाच भाग असतो. शरीराला अन्न पूर्वीसारखे वापरता येत नाही, आणि बळेच भरवल्यास ठसका लागून घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्या मागतील तेव्हा, मागतील तेवढेच द्यावे. एरवी ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओले ठेवावे. खाणे सुटल्यामुळे आजार वाढलेला नाही, आजार वाढल्यामुळे खाणे सुटले आहे. हे वाक्य दिरांनाही ऐकवा.

मॉर्फिनबद्दलची त्यांची भीती सर्वत्र आढळते, पण ती अनाठायी आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या वेळी दिलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन लागेल, ही चिंता या अवस्थेत करू नये. त्याने बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. हे औषध गरजू रुग्णांना मिळणे सोपे व्हावे, यासाठी २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यातही दुरुस्ती झाली. मात्रा अर्धी केली की वेदना रात्री उसळते आणि रुग्ण व सेवा करणारी, दोघींचीही झोप उडते.

झोपेचा प्रश्न तुमच्या एकटीच्या मनोबलाने सुटणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: आईची काळजी दोन्ही मुलांची आहे, सुनेने ती प्रेमाने उचलली म्हणून त्यांची सुटका होत नाही. दिरांनी सल्ल्याऐवजी काही रात्री द्याव्यात, नाहीतर रात्रपाळीच्या आयाचा पगार द्यावा. आणि ही मागणी तुम्ही नव्हे, तुमच्या यजमानांनी करावी. आठवड्यातून निदान दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपा. वेदना आणि शुश्रूषा यांच्यासाठी उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, जिल्हा रुग्णालयात किंवा कर्करोगतज्ज्ञांकडे मिळेल का, याची चौकशी यजमानांना करू द्या. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे असे केंद्र १९९७ पासून विनामूल्य काम करते आणि तिथे घरच्यांनाही शुश्रूषा शिकवतात; दीर पुण्यातच आहेत, त्यांनी तिथे जाऊन यावे.

ओरडल्याचे मनाला लागले असेल, तर सासूबाईंचा हात हातात घेऊन ‘परवा माझे चुकले’ एवढेच म्हणा. ज्यांनी तुमची बाळंतपणे केली, त्यांना थकलेल्या बाईचा त्रागा कळत असणार.

प्रश्न : मी पंचवटीत राहतो. वडिलांना जाऊन दोन महिने झाले, तरी त्यांच्या औषधाच्या वेळी, रात्री दोनला, मला अजून दचकून जाग येते. हा मानसिक आजार आहे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. दीर्घ जागरणाची शरीराला लागलेली सवय हळूहळूच सुटते. जाग आली तर घड्याळ पाहत पडून राहू नका, आणि सकाळी उठण्याची वेळ बदलू नका. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर उदास वाटणे, जेवणाखाण्यावरची वासना उडणे, कामावर जावेसे न वाटणे असे होत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.