बोटीवर इन्व्हर्टर घेऊ का? घ्या, पण आधी बोटीचा विमा शोधा

मालवणजवळच्या देवबागच्या एका वाचकाचा मेल आलाय. वय 38, घरात बायको, दोन मुलं, आईवडील. स्वतःची 20 सीटची टुरिस्ट बोट, डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंडच्या फेऱ्या मारतात. बोट 14 लाखाची, त्यातलं 7 लाख कर्ज अजून बाकी, साडेअकरा टक्क्याने. आता बोटीवर 3 केव्हीएचा इन्व्हर्टर आणि 24 व्होल्टची लिथियम बॅटरी बसवायचीय, 1 लाख 60 हजाराचं कोटेशन, नो कॉस्ट ईएमआय. त्यावर छोटा फ्रीज, म्युझिक सिस्टीम, चहाची केटल, मोबाईल चार्जिंग चालवायचं. "डोक्यामागे 100 रुपये जास्त घेतले तरी एका सीझनला 8 लाख सुटतात सर, घेऊ का? आमचो बापूस म्हणता बर्फाची पेटीच बरी."

आणि शेवटी एक ओळ, जिच्यामुळे मी हा मेल आधी घेतला: "बोटीचा विमा आहेच, लोनच्या वेळी बँकेतूनच काढलाय, वर्षाला 1 लाख भरतो, आणि वरून 15 वर्षांनी पैसे परत पण मिळणार." सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

दादा, ज्या विम्याचे पैसे मुदत संपल्यावर परत मिळतात तो बोटीचा विमा नसतो हो. फोटो झूम करून बघा. विमा कोणाचा, या रकान्यात बोटीचं नाव नाहीये, तुमचं नाव आहे. ही तुमच्या आयुष्यावरची बचत पॉलिसी आहे, 10 लाखाची. बोट उद्या खडकावर आपटली, लाटेत उलटली, नाहीतर बांधल्या जागी पेटली तर यातून एक रुपया येणार नाही आणि 7 लाखाचं कर्ज तसंच राहील. बोटीचा खरा विमा लोन देताना बहुतेक एक वर्षाचा काढला असेल आणि त्याचे पैसे लोनमधूनच कापले असतील, तो नंतर कोणी रिन्यू केला नाही, कारण तुम्हाला वाटलं हा 1 लाख त्याचाच. लोनची फाईल काढा आणि तो कागद शोधा, आजच.

प्रवाशांचं तर अजूनच वेगळं. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या शेजारचीच गोष्ट. असं काही झालं तर नुकसानभरपाई मागायला लोक मालकाकडेच येतात. म्हणून बोटीचा विमा घेताना प्रवाशांची जबाबदारी त्यात आहे का हे वेगळं विचारायचं, गृहीत नाही धरायचं. आणि सर्व्हे सर्टिफिकेट, म्हणजे बोट तपासून मिळालेला दाखला, चालू हवं, 20 च्या लायसनवर 26 बसवायचे नाहीत, मे महिन्यात सुद्धा नाही, नाहीतर विमा असून क्लेम अडकतो.

आता त्या 1 लाखाचं बघू. दहा वर्षं भरायचे म्हणजे 10 लाख, पंधराव्या वर्षी 16 मिळणार असं कागदावर आहे. ऐकायला भारी, पण हिशोब केला की साडेचार टक्के पडतात. "सात वर्षांत डबल" सांगितलं होतं म्हणता, डबल व्हायला सात वर्षांत दहा टक्के लागतात, इथे त्याच्या निम्मे पण नाहीत. म्हणजे तुम्ही साडेअकरा टक्क्याने कर्ज फेडताय आणि दुसऱ्या हाताने साडेचार टक्क्याने पैसे ठेवताय, आणि लोनसाठी हे कंपल्सरी आहे म्हणून कोणीतरी तुमच्याकडून सही घेतली. मला या प्रकाराचा इतका कंटाळा आलाय की काय सांगू, दर महिन्याला असे दोन-तीन मेल असतातच.

तीन हप्ते भरलेत, चौथा डिसेंबरला. तो भरू नका. एजंटचा फोन येईल, "एक हप्ता भरा, मग सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर, भरलेल्याचे 50 टक्के मिळतील." बरोबर आहे त्याचं. आज साधारण 35 टक्के म्हणजे 3 लाखाचे 1 लाख 5 हजार, चौथा भरल्यावर 4 लाखाचे 2 लाख. म्हणजे 1 लाख घालून 95 हजार वाढतात! पण घाईघाईने सरेंडर पण करू नका. पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे हप्ते बंद, पॉलिसी लहान होऊन चालू. दहातले तीन हप्ते भरले म्हणून 10 लाखाच्या विम्यातले 3 लाख अधिक आतापर्यंतचा बोनस, मुदत संपल्यावर. आत्ता 1 लाख 5 हजार घेण्यापेक्षा हे बरं. तरी दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा, तोंडी नको.

पण आधी टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे तुम्हाला काही झालं तरच घरच्यांना पैसे देणारा, परत काही न मिळणारा साधा विमा, मगच तो हप्ता सोडा. निदान 50 लाखाचा, फॉर्मवर बोटीचा धंदा आहे हे स्पष्ट लिहून. माझ्या अंदाजाने वर्षाला 12-15 हजार. बोटीचा आणि प्रवाशांचा मिळून 35 हजार धरा, दोन ठिकाणी विचारून घ्या. झाले 50. उरलेल्या 50 मध्ये तुमचा इन्व्हर्टर बसतो, हो, बसतो, पण 1 लाख 60 हजारवाला नाही.

कारण ते कोटेशन देणाऱ्याने बहुतेक बोट बघितलीच नाही. तुमचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं इंजिन, 12 व्होल्टला चार्ज करतं, त्याची बॅटरी 24 ची, मधला कन्व्हर्टर कोटेशनमध्ये नाही. तो घातला तरी अशी छोटी इंजिनं 10-15 अँपिअर देतात, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपास, आणि कोटेशनमधली ती 100 एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी रिकामी झाली तर भरायला 16 तास. तुमचं इंजिन दिवसाला चालतं चार-पाच तास! केटल 1500 वॉटची, चहा घरून थर्मासमध्ये न्या. लाईट, म्युझिक, मोबाईल हे सगळं 12 व्होल्टवर थेट चालतं, गाडीत चालतं तसंच, त्याला इन्व्हर्टर कशाला मध्ये? आणि फ्रीजच्या बाबतीत वडील बरोबर आहेत. रोजचा 100 रुपयाचा बर्फ धरला तरी 200 दिवसांचे 20 हजार, आणि बर्फ खाऱ्या हवेने गंजत नाही.

कोकम सरबताच्या मिक्सरसाठी वगैरे हवाच असेल तर 12 व्होल्टचा, 600 ते 1000 वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, घरच्या विजेसारखीच वीज देणारा. स्वस्तातल्या मॉडिफाइड साइन वेव्हवर मिक्सरची मोटर तापते. सोबत 100 एएचची सीलबंद बॅटरी, इंजिन स्टार्टची वेगळीच ठेवायची, नाहीतर गाणी वाजवून झाल्यावर खाडीत इंजिन चालू होणार नाही. 100 एएच म्हणजे कामाचे 50, वजाबाकी करून 500 वॉट-तास, दहा मिनिटं मिक्सर चालला की 80 गेले, दिवस आरामात निघतो, रात्री घरी चार्ज करा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, जाड तांब्याची केबल, 230 व्होल्टच्या बाजूला 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, कारण ओल्या पायाचे प्रवासी असतात. आणि पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात इन्व्हर्टर बिलकुल नको, पेट्रोलची वाफ साठते आणि ठिणगी लागली की संपलं. 25-30 हजारात हे सगळं बसवा, रोखीने. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी लागते आणि रोखीची सूट जाते, ती कॉस्टच.

आता ते 8 लाख. 20 माणसं, 2 फेऱ्या, 100 रुपये, 200 दिवस, गुणाकार बरोबर आहे. पण पावसाळ्याची बंदी, मधले रिकामे मंगळवार-बुधवार सोडले तर फुल बोट दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातच ना? 60 दिवस धरा, 2 लाख 40 हजार. तेही शेजारच्या बोटवाल्याने जुनाच रेट ठेवला नाही तर. गार पाण्याच्या बाटलीमागे 10 रुपये सुटतील तेवढेच खरे धरा.

म्हणून क्रम असा: या आठवड्यात लोनच्या फाईलमधला बोटीच्या विम्याचा कागद आणि त्यावरची शेवटची तारीख. ती उलटून गेली असेल तर नवीन पॉलिसी हातात येईपर्यंत फेरी बंद, दिवाळीचं बुकिंग असलं तरी. टर्मचा फॉर्म त्याच दिवशी. इन्व्हर्टरचं डिसेंबरनंतर बघू, तोपर्यंत वडिलांची पेटी आहेच.