सततच्या पावसात परसबागेत करण्यासारखे काय असते?

आपण विचारले आहे की, पाऊस दिवसदिवस उघडत नसेल, तर बागेसाठी राखून ठेवलेली सुट्टी सत्कारणी कशी लावावी. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी माझी लहानशी परसबाग आहे आणि तिथल्या अनुभवावरून आधी एक पथ्य सांगतो : ओल्या मातीत कुदळ घालू नये. काळी माती चिकट असताना खणली किंवा तुडवली, तर तिच्यातील हवेच्या पोकळ्या दबतात आणि उघडीप पडल्यावर तिची दगडासारखी ढेकळे होतात. शेतकरी जशी वाफसा येण्याची, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होण्याची, वाट पाहतो, तशी ती चार वाफ्यांच्या बागेतही पाहावी लागते. मी हे लिंबाचे एक रोप गमावून शिकलो. भर पावसात खड्डा घेतला, कुदळीने त्याच्या कडा चोपडल्या गेल्या, पाणी झिरपेना आणि त्या वाटीत मुळे गुदमरून रोप पिवळे पडत गेले. (दोष मात्र मी कित्येक दिवस रोपवाटिकेला देत होतो.)

मग करावे काय? छत्री घेऊन बागेत एक फेरी मारावी आणि पाणी कोठून येते व कोठे थांबते, ते पाहावे. पाऊस थांबल्यावर तासाभरानेही जेथे पाणी उभे असेल, तेथे काडी खोचून खूण करावी. वाफसा आल्यावर तेथे चर काढायचा किंवा वाफा उंच करायचा. कुंड्यांखालच्या ताटल्या त्याच फेरीत काढून टाकाव्यात, नाहीतर झाडांआधी डासांचीच पैदास होईल.

पावसाळी दिवसाचा खरा उपयोग मात्र कलमांसाठी आहे, कारण हवा दमट असल्यामुळे मुळे नसलेली फांदीही लवकर सुकत नाही. जास्वंद, तगर, मोगरा यांचे वीतभर लांबीचे फाटे पेराच्या लगेच खाली कापावेत, खालची पाने काढावीत आणि दोन पेरे मातीत जातील असे ते ओसरीवर बसून पिशव्यांत लावावेत. डाळिंब, लिंबू किंवा पेरू यांना मी गुटी बांधतो, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फुटू देतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी फांदीवरील सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढायची, उघड्या लाकडावरील बुळबुळीत थर खरवडायचा, भिजवून पिळलेले शेवाळ त्यावर गुंडाळायचे आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचे. तो थर खरवडण्याचा कंटाळा केला, तर साल पुन्हा सांधते आणि गुटी फसते. साधारण महिना-दोन महिन्यांत पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली की गुटीच्या खाली फांदी कापून ती सावलीत कुंडीत लावावी.

आपण गाव लिहिलेले नाही. आमच्याच जिल्ह्यातील माण-खटाव तालुक्यांकडे पावसाची चणचण असते, तेव्हा तिकडे असाल, तर मी पहिला दिवस पन्हळ आणि पिंप साफ करण्यात घालवीन. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे पन्नास चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटरच्या एका सरीत, गळती सोडून, हजार लिटरच्या आसपास पाणी येते.

गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेले पोते संध्याकाळी वाफ्याशेजारी पसरावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात. मीठ टाकू नये. ते पावसाबरोबर मुळांपर्यंत उतरते.